साहेबांचा मेसेज रात्री साडेदहाला येतो तेव्हा

सुरुवात बहुतेक वेळा घाणेरडी नसते, आणि खरी अडचण तीच. रात्री साडेदहाला फोन वाजतो: ‘झोपलीस का?’ दिवसभर ‘तुम्ही’ म्हणणारे साहेब मेसेजमध्ये परस्पर ‘तू’वर आलेले असतात. मग ‘त्या निळ्या ड्रेसमध्ये छान दिसत होतीस’, मग ‘घरी मला समजून घेणारं कुणी नाही गं’, मग शनिवारची कॉफी. यातलं एकेक वाक्य सुटं काढून कुणाला दाखवलं तर तो म्हणेल, यात काय एवढं? म्हणून बाई दोन-तीन महिने गप्प राहते आणि स्वतःचीच उलटतपासणी घेत बसते. मी जास्त हसून बोलले का? तो हसरा इमोजी पाठवायला नको होता का?

मी पुण्यातल्या काही कार्यालयांच्या अंतर्गत समित्यांवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समित्यांवर, बाहेरची सदस्य म्हणून बसते. समितीत ऐकलेलं बाहेर बोलायला कायद्यानेच मनाई आहे, त्यामुळे खालचं कुठलंही उदाहरण कुणा एकीचं नाही. पण तक्रारी अडतात कुठे, ते सांगायला हरकत नाही. बहुतेक दोन जागी. ‘नाही’ कुठेच स्वच्छ लिहिलेलं नसतं, किंवा मुदत उलटून गेलेली असते. या लेखाचा भर म्हणून त्या दोनांवर आहे.

हे छळात बसतं का?

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला सगळे पॉश कायदा म्हणतात, तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातली मार्गदर्शक तत्त्वं होती. राजस्थानात बालविवाह रोखायला गेलेल्या भंवरीदेवी या साथिनीवर, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी कार्यकर्तीवर, १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. बालविवाह रोखणं हे तिचं सरकारी काम होतं, आणि तिथून ही सगळी लढाई उभी राहिली.

कायद्यात कळीचा मुद्दा एकच: ते वागणं तुम्हाला नकोसं होतं का. स्पर्श, शरीरसुखाची मागणी किंवा विनंती, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील चित्रं दाखवणं, आणि शब्दांतून किंवा हावभावांतून केलेलं लैंगिक स्वरूपाचं इतर कुठलंही नकोसं वर्तन, हे सगळं त्यात येतं. बॉसच्या बाबतीत आणखी एक कलम महत्त्वाचं आहे. ‘माझं ऐकलंस तर ऑनसाइट पाठवतो’ किंवा ‘अप्रेझल जवळ आलंय, लक्षात आहे ना’ असं उघड किंवा आडून सुचवणंही छळाच्या कक्षेत येऊ शकतं.

‘पण त्यांनी हात कुठे लावला?’ हा प्रश्न अजूनही विचारला जातो. त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच देऊन ठेवलं आहे. निर्यात प्रोत्साहनाचं काम करणाऱ्या दिल्लीच्या एका संस्थेत वरिष्ठाने एका लिपिक-टंकलेखिकेला डिक्टेशनच्या निमित्ताने हॉटेलच्या बिझनेस सेंटरमध्ये नेलं आणि तिथे सलगीचा प्रयत्न केला. उच्च न्यायालय म्हणालं, त्याने प्रत्यक्षात विनयभंग केला नाही, प्रयत्न केला. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही आणि त्याची बडतर्फी कायम ठेवली.

एक उलटी बाजूही सांगते, कारण ती टाळली तर लेख खोटा होईल. एखादा वरिष्ठ एकदा सरळ, सभ्यपणे विचारतो, तुम्ही नाही म्हणता, तो ‘पुन्हा हा विषय निघणार नाही’ म्हणतो आणि खरंच काढत नाही, कामातही काही बदलत नाही. याला मी छळ म्हणणार नाही. फरक कळतो तो पुढच्या सोमवारी. नकार ऐकल्यावर माणूस काय करतो, ते बघायचं.

‘नाही’ कसं म्हणायचं

आपल्याकडे मुलींना ‘नाही’ म्हणायला शिकवतच नाहीत, सबबी शिकवतात. ‘आज जमणार नाही हो सर.’ ‘बाबा रागावतील.’ ‘माझं लग्न ठरतंय.’ यातली प्रत्येक सबब साहेबांच्या कानाला ‘आज नाही, उद्या बघू’ अशीच ऐकू येते. लग्नाची सबब तर फार घातक. ते लग्न मोडलं, किंवा मुळात ठरलंच नव्हतं असं कळलं, की तुम्ही खोटं बोललात हा मुद्दा समितीपुढे येतो आणि मूळ विषय बाजूला पडतो. शिवाय कुणा तिसऱ्या पुरुषाच्या नावावर नकार द्यायची गरजच काय? तुम्हाला नको आहे, एवढं कारण पुरे.

दुसरी आपल्याकडची खास ढाल म्हणजे ‘दादा’. दोन वाक्यांत चारदा दादा म्हणायचं, राखीपौर्णिमेला आवर्जून राखी न्यायची. ज्याला इशारा कळतो त्याला त्याआधीच कळलेला असतो. ज्याला कळत नाही तो राखी बांधून घेतो आणि रात्री पुन्हा ‘झोपलीस का’ विचारतो. पुढे तीच राखी ‘आमचं नातं किती घरचं होतं’ याचा पुरावा म्हणून टेबलावर येते.

म्हणून पहिला नकार लवकर, एकदाच, सबबीशिवाय आणि शक्यतो लेखी. समोरासमोर विषय निघाला तर तिथल्या तिथे एवढं म्हणा: ‘सर, आपलं बोलणं कामापुरतं असावं अशी माझी इच्छा आहे. या विषयात मला रस नाही.’ आणि उठा. स्पष्टीकरण देत बसलात की त्यावर वाद घालता येतो. मग त्याच दिवशी मेसेज टाका:

‘सर, आज संध्याकाळी तुम्ही बाहेर जेवायला जाण्याबद्दल आणि आपल्या नात्याबद्दल जे बोललात, ते मला मान्य नाही. कृपया माझ्याशी फक्त कामासंबंधी आणि ऑफिसच्या मेलवर किंवा ऑफिसच्या वेळेत संपर्क करावा.’

या मेसेजमध्ये ‘सॉरी’ नाही, ‘गैरसमज करून घेऊ नका’ नाही, हसरा चेहरा नाही. ‘तुम्ही’च ठेवा, ‘सर’ही ठेवा. सभ्यता तुमच्या बाजूने राहू द्या. घटनेचा उल्लेख आणि ‘मान्य नाही’ हे दोन शब्द मात्र हवेतच. हेच पुढे त्या वर्तनाच्या नकोसेपणाचा लेखी पुरावा ठरतं.

आणि हे सगळं करायचं धाडसच झालं नाही तर? तर तक्रार बाद होत नाही. गप्प राहणं म्हणजे संमती असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. पगार, घरभाडं, गृहकर्जाचा हप्ता ज्याच्या सहीवर अवलंबून आहे, त्याला तोंडावर नाही म्हणणं किती अवघड असतं ते समितीला कळायलाच हवं. साहेब चिडले तर धोका आहे असं वाटत असेल, तर नकाराचा मेसेज वगळा आणि सरळ पुढच्या कामाला लागा.

वही, आणि फोन

घरी एक साधी बांधलेली वही ठेवा. सुटी पानं नकोत, ऑफिसचा लॅपटॉप तर मुळीच नको. तो कंपनीचा आहे, कुठल्याही दिवशी काढून घेतील. प्रत्येक प्रसंगाची त्याच रात्री नोंद: तारीख, वार, वेळ, जागा, कोण होतं, नेमके शब्द. ‘सर वाईट बोलले’ असं लिहू नका. ‘जिन्यात खांद्यावर हात ठेवून म्हणाले, एवढी का घाबरतेस, मी काय खातो का’ असं लिहा. शब्द अश्लील असले तरी जसेच्या तसे. लिहायला लाज वाटते, वाटणारच, पण सहा महिन्यांनी चौकशीत शब्द आठवत नाहीत आणि आठवले तरी दर वेळी थोडे बदलतात. विरोधी बाजू नेमकं त्यावरच बोट ठेवते.

व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळं सांगते, कारण तिथे बायका हमखास चुकतात. स्क्रीनशॉटमध्ये वर ‘सर ऑफिस’ असं सेव्ह केलेलं नाव दिसतं, नंबर दिसत नाही. मग समोरचा बेधडक म्हणतो, हा मी नव्हेच. त्या नावावर टिचकी मारून नंबर दिसेल असा एक स्क्रीनशॉट वेगळा घ्या. तारीख दिसेपर्यंत वर सरकवा. तुमचीही उत्तरं ठेवा; फक्त त्यांचे मेसेज दाखवून तुमचे पुसलेत तर सगळाच पुरावा संशयास्पद होतो. चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या खासगी मेलवर पाठवा. आपोआप नाहीसे होणारे मेसेज त्यांनी चालू केले असतील, तर ते चालू केल्याची सूचना चॅटमध्ये दिसते, तिचाही फोटो घ्या. आणि तो फोन विकू नका, बदलू नका, रिसेट करू नका. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं तर मूळ उपकरण आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. समितीपुढे मात्र पुराव्याचे न्यायालयाइतके कडक नियम नसतात. घटना घडली असण्याची शक्यता जास्त आहे का, हे ती पाहते.

एका गोष्टीला जपा. घाबरून ऑफिसची सगळी मेलपेटी खासगी खात्यावर पाठवू नका. क्लायंटची माहिती बाहेर गेली म्हणून उलट तुमच्यावरच कारवाई करायला आयतं कारण मिळतं. संबंधित मेल तेवढे घ्या. त्याच वेळी मागच्या दोन-तीन वर्षांची अप्रेझलची पत्रं, ‘छान काम केलंत’ म्हणणारे मेल यांच्याही प्रती काढून ठेवा. नकारानंतर अचानक तुमचं काम वाईट व्हायला लागतं, आणि तेव्हा हे जुने कागद बोलतात.

आणि कुणा एकाला सांगा. लगेच, त्याच आठवड्यात. मैत्रीण, शेजारच्या टेबलावरची ताई, कुणीही. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार क्वचितच असतो, कारण असले लोक साक्षीदार बघूनच गप्प बसतात. पण ‘तिने मला त्याच संध्याकाळी रडत फोन केला होता’ असं सांगणारी व्यक्तीही साक्षीदारच. घरी सांगायचं का? ते तुम्हीच जाणता. अनेक घरांत पहिलं वाक्य ‘सोडून दे ती नोकरी’ हेच येतं, आणि त्या भीतीनेच मुली घरी बोलत नाहीत. घरचे बाजूला उभे राहतील असं वाटत असेल तर वही दाखवूनच बोला. कागद समोर असला की चर्चा भावनेवरून घटनेवर येते.

तीन महिने

वहीच्या पहिल्या पानावर शेवटच्या प्रसंगाची तारीख लिहा आणि तिच्यापुढे तीन महिने मोजून दुसरी तारीख लिहा. समितीकडे लेखी तक्रार त्याआधी जायला हवी. प्रसंगांची मालिका असेल तर शेवटच्या प्रसंगापासून मोजायचं. काही अडचणीमुळे जमलं नाही तर समिती कारण नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्यापुढे नाही.

इथे एक फसवी जागा आहे. शेवटचा प्रसंग कुठला धरायचा? कोलकात्यातल्या एका विधी विद्यापीठातील प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध तक्रार केली. शेवटचा छळ एप्रिल २०२३ मधला, तक्रार डिसेंबर २०२३ मधली. मधल्या काळात पदावरून काढणं वगैरे जे झालं तोही छळाचाच भाग, असं त्यांचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. ते प्रशासकीय निर्णय आहेत, म्हणून मुदत एप्रिलपासून, आणि तक्रार मुदतबाह्य. त्यामुळे ‘अप्रेझल होऊ दे, मग बघू’ असं थांबू नका. साहेबांनी सूड म्हणून रेटिंग पाडलं, तर ती तारीख तुमची मुदत वाढवेलच असं नाही.

कुणाकडे जायचं

दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. सदस्यांचा आदेश दिसेल अशा जागी लावायचा असतो. कॅन्टीनजवळच्या फळ्यावर बघा, नसेल तर इंट्रानेटवर. एचआर म्हणजे समिती नव्हे. एचआरला तोंडी सांगून, ‘आम्ही बोलतो त्यांच्याशी’ ऐकून दोन महिने घालवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. एचआरशी बोला हवं तर, पण अर्ज समितीच्या अध्यक्षांच्या नावे करा.

नोकरी कायम नाही, इंटर्न आहात, कंत्राटी आहात, रोजंदारीवर आहात, तरी कायदा तुमचाच आहे. ऑफिसची कॅब, बाहेरगावचं हॉटेल, ऑफसाइट, क्लायंटची जागा हेही ‘कामाचं ठिकाण’. तिथला प्रसंग ‘खासगी’ ठरत नाही.

पण आपल्यातल्या कितीतरी जणी सीएच्या फर्ममध्ये, डॉक्टरांच्या दवाखान्यात, क्लासमध्ये, दुकानात चार-सहा माणसांत काम करतात, आणि त्रास देणारा थेट मालकच असतो. तिथे अंतर्गत समिती नसते, आणि असली तरी मालकाविरुद्ध काय करणार? अशा वेळी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. अर्ज दिला की आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका. ‘ठेवून जा ताई, साहेब आले की देतो’ याला अर्थ नाही. पोच देत नसतील तर तोच अर्ज पोस्टाने नोंदणी करून पाठवा. केंद्र सरकारचं शी-बॉक्स हे ऑनलाइन तक्रारीचं पोर्टलही आहे, २०२४ मध्ये ते नव्याने सुरू झालं. तिथली तक्रार संबंधित समितीकडे जाते.

पोलिसांचा रस्ता वेगळा आणि समांतर आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ७५ लैंगिक छळाचं आणि ७८ पाठलागाचं आहे. नको म्हटल्यावरही वारंवार संपर्क साधणं, ऑनलाइन नजर ठेवणं पाठलागात येतं. समितीची तीन महिन्यांची अट इथे नाही. गुन्हा नोंदवायचा ठरवलात तर त्यात मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे. साहेब घराखाली येऊन उभे राहत असतील, धमकी देत असतील, तर समितीची वाट बघू नका, ११२ लावा. महिला हेल्पलाइन १८१. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्याचा क्रमांक १५१००.

अर्ज आणि चौकशी

अर्जाला वकिली भाषा लागत नाही. मराठीत लिहा. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण, पद काय, साहेब तुमचे कोण लागतात. मग वहीतून तारीखवार प्रसंग. नकार कधी आणि कसा दिला. नंतर कामात काय बदललं. शेवटी तुम्हाला काय हवंय. अर्जाच्या सहा प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची असते.

‘काय हवंय’ इथे बायका संकोचतात आणि ‘योग्य ती कारवाई व्हावी’ लिहून मोकळ्या होतात. असं करू नका. चौकशी चालू असतानाच तुमची किंवा त्यांची बदली, नेहमीच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंतची रजा, आणि तुमच्या कामाचं मूल्यमापन त्यांच्याकडून काढून दुसऱ्याकडे देणं, हे सगळं लेखी मागता येतं. शेवटचं तर पहिल्याच दिवशी मागा. बदलीची घाई स्वतःसाठी करू नका. त्रास त्यांनी द्यायचा आणि टेबल तुम्ही बदलायचं, असा पायंडा पडतो.

त्यानंतर सात कामाच्या दिवसांत प्रत साहेबांना जाते, त्यांनी दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी ९० दिवसांत. दोघांपैकी कुणालाही वकील आणता येत नाही. त्यांच्यासमोर बसायचं नसेल तर तसं सांगा, प्रश्न लेखी देता येतात. तुमचा जबाब पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. ओळींमधली जागा रिकामी असेल तर रेघ मारा.

मध्येच कुणीतरी ज्येष्ठ येऊन म्हणेल, ‘मिटवून टाकू या, त्यांचीही मुलं-बाळं आहेत.’ समेटाची तरतूद कायद्यात आहे, पण फक्त तुम्ही मागितलीत तर, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशांच्या मोबदल्यात कधीच नाही. समेट झाला की चौकशी होत नाही, हे लक्षात ठेवूनच सही करा. ‘सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच केस होईल’ हीसुद्धा पोकळ धमकी आहे. पुरावा कमी पडणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे, असं कायद्यातच लिहिलंय. कारवाई होते ती जाणूनबुजून खोट्या तक्रारीवर, तीही दुष्ट हेतू चौकशीत सिद्ध झाला तर.

साहेबांना बाजू मांडायला वेळ मिळतोय म्हणून चिडू नका. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात चौकशी घाईने उरकल्याचं कारण देऊन सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी विभागप्रमुखाची बडतर्फी रद्द केली आणि प्रकरण चौकशीसाठी परत पाठवलं. तक्रारदार मुलींच्या वाट्याला इतक्या वर्षांनी पुन्हा तेच आलं.

अहवाल चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत, त्यावर कारवाई साठ दिवसांत. पटला नाही तर शिफारशींपासून ९० दिवसांत अपील. अहवालाची प्रत मागून घ्या, ती दोघांनाही मिळायची असते.

राजीनामा द्यावासा वाटला तर

द्या, तो तुमचा हक्क आहे. नोकरी सोडल्यावरही मुदतीत असाल तर तक्रार करता येते. फक्त राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहू नका आणि ‘सरांच्या मार्गदर्शनाबद्दल आभार’ हे वाक्य तर सवयीनेही नको. चौकशीत तो मेल सगळ्यात आधी छापून पुढे ठेवतात. कारण लिहायचं नसेल तर दोन ओळी पुरतात: अमुक तारखेपासून पदमुक्त करावं, रिलिव्हिंग लेटर आणि हिशेब मिळावा. एक्झिट मुलाखतीच्या फॉर्मवर ‘कोणतीही तक्रार नाही’ असा छापील रकाना असतो. त्यावर काट मारा, शेजारी सही करा, आणि फॉर्म देण्याआधी त्याचा फोटो काढा.